बाई मधोमध उभी पाहिजे

आमच्या भाऊजींना सगळा बाजार घाबरतो. माणूस अंगाने किरकोळ, आवाज मऊ, चालणं सावकाश. पण हातात ती काळी पेटी दिसली की किराणावाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे ताठ उभे राहतात. भाऊजी वजनमापे निरीक्षक आहेत. पेटीत पितळी वजनं असतात, मखमलीत बसवलेली. हाताच्या घामाने वजन बदलू नये म्हणून भाऊजी ती चिमट्याने उचलतात, दुकानदाराच्या काट्यावर ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि वाकून बघतात. काटा खोटा निघाला की दुकानदार वाटेल ते सांगतो. आज सकाळीच बिघडला, वाऱ्याने हलला, मुलाने चढून पाहिलं. भाऊजी सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुम्ही बोलू नका. काटा बोलतोय." मग शिशाचं सील लावतात आणि पुढच्या दुकानात शिरतात. सख्ख्या मामेभावाच्या दुकानाचा काटाही त्यांनी असाच बंद केला होता. तो मामेभाऊ अजून त्यांच्याशी बोलत नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात अकरा वर्षं खोटा काटा चालू होता, आणि तो मी बसवला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

मी वायरमन. ताई माझी मोठी बहीण, भाऊजींची बायको. ती हॉस्पिटलात कानाच्या विभागात काम करते. जाड दाराच्या एका लहानशा खोलीत पेशंटला बसवते, त्याच्या कानाला हेडफोन लावते आणि काचेपलीकडून बारीक जाड आवाज सोडते. ऐकू आलं की बोट वर करायचं. बावीस वर्षं ती लोकांना बोट वर करायला लावतेय. ऐकू येत नसताना उगीच बोट वर करणारा तिला चेहऱ्यावरूनच कळतो. असे लोक फार असतात म्हणते. बहिरं ठरायला कोणालाच आवडत नाही.

त्यांचं लग्न झालं तेव्हा घरात एक साधा टेपरेकॉर्डर होता. त्याला एकच स्पीकर, त्याच्याही जाळीला चीर. संध्याकाळी दोघं एका बाकावर बसून मटार सोलायची आणि गाणी ऐकायची. ताई गुणगुणायची, भाऊजी दाण्यांतले निम्मे स्वतः खायचे. मी शाळेत होतो, त्यांच्याकडे राहायला गेलो की मधे बसायचो. मला वाटायचं, संसार म्हणजे एवढंच असणार.

मग भाऊजींनी कुठल्याशा मासिकात इटालियन स्पीकरचा फोटो पाहिला. पाहिला तो पाहिलाच. दोन वर्षं ते मासिक उशाशी होतं. वडिलांकडून आलेला जमिनीचा तुकडा त्यांनी विकला आणि स्पीकर मागवले. ताईने एकदाच विचारलं, "घराला गच्ची नाही, आणि स्पीकर?" भाऊजी म्हणाले, "गच्चीतून आवाज येतो का?" निरीक्षकाच्या घरी एवढी भारी वस्तू आली म्हटल्यावर लोक काय बोलतील, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून जमिनीच्या खरेदीखताची प्रत त्यांनी बैठकीतल्या खणात ठेवली. नवा पाहुणा आला की आधी त्याला ती दाखवायची, मग गाणं लावायचं. पाहुण्यांना वाटायचं की गाणं ऐकायला कागदपत्रं लागतात.

स्पीकर आले ते लाकडी खोक्यातून. त्यात आणखी एक खोकं, त्यात कापडी पिशवी, आणि सोबत पांढरे हातमोजे. अक्रोडाचं लाकूड, पुढच्या बाजूला चामडं, आणि दोन्ही जरासे मागे रेललेले, जेवण झाल्यावर माणूस खुर्चीत रेलतो तसे. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ज्या सुताराने हे लाकूड घासलं त्याचे आजोबाही सुतारच होते. भाऊजींनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, "माझे आजोबाही सुतार होते, पण आपल्या घरचं कपाट लागत नाही." भाऊजींनी हातमोजे चढवले आणि म्हणाले, "आणि हे बघ, याला स्पीकर म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"वाद्य."

आता वायरीकडे येतो. अॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत एक जोडवायर जाते, एक अधिक, एक उणे. गफलत होऊ नये म्हणून टोकांना लाल आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कड्या असतात. त्या बघून शाळकरी पोरसुद्धा वायर जोडेल. पण भाऊजींनी वाचलं होतं की रंगीत प्लॅस्टिकमुळे आवाजाला रंग चढतो. म्हणून मी पोचायच्या आधीच त्यांनी सगळ्या कड्या ब्लेडने कापून टाकल्या होत्या आणि चारही टोकांवर अक्रोडाला शोभेल असं तपकिरी सुती कापड गुंडाळून शिवलं होतं. शिवण अगदी नीट, टाका न टाका मोजून.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नवा वायरमन. विचारलं, "भाऊजी, यातली लाल कुठली?"

"अरे, या तुझ्या बल्बच्या वायरी नव्हेत!"

"नसू दे, पण लाल कुठली?"

त्यावर त्यांनी मला शुद्ध तांब्यावर वीस मिनिटांचं व्याख्यान दिलं. मला पुढच्या कामाला जायचं होतं. घराच्या बल्बच्या दोन वायरी अदलाबदल केल्या तरी बल्ब लागतोच, एवढंच मला तेव्हा ठाऊक. मी अंदाजाने जोडून टाकल्या. आवाज आला. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा पिऊन निघणार, तेवढ्यात ताई हात पुसत बाहेर आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, बाई कुठे उभी आहे?"

"कोण बाई?"

"गाणारी. आपल्या जुन्या टेपवर ती समोर उभी असल्यासारखी वाटायची. आता आवाज भिंतीभर येतोय आणि ती कुठेच नाही. आणि पोकळ वाटतंय, पिंपात तोंड घालून गायल्यासारखं."

भाऊजी हसले. लहान मुलाकडे बघून हसतात तसं. "अगं, हाच तर इटालियन आवाज! तो एका जागी उभा राहत नाही. तो खोलीत राहायला येतो. तुझे कान अजून तयार नाहीत."

बावीस वर्षांतली तेव्हा अकरा झाली होती. हजारो माणसांचे कान तपासलेल्या बाईला घरात सांगितलं गेलं की तिचे कान तयार नाहीत. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पक्कड पिशवीत टाकली आणि चप्पल शोधायला लागलो.

ती आणखी तीन-चारदा बोलली. मग बोलायची बंद झाली.

त्यानंतर बैठकीची खोली भाऊजींची झाली. मोठा बाक गेला, कारण त्याच्यावरून आवाज परतायचा. बाक गेला तसे मटारही स्वयंपाकघरात गेले. राहिली एकच खुर्ची. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण भाऊजींनी मीटरपट्टीने आखला. सरकारी पट्टी घरच्या कामाला वापरायची नाही म्हणून स्वतःची वेगळी विकत आणली. खुर्चीच्या पायांच्या जागी फरशीत चार पितळी खिळे ठोकले. केर काढताना खुर्ची सरकली तर ती पुन्हा खिळ्यांवर बसवायची, हे कामवाल्या मावशींनाही शिकवलं होतं. मावशी म्हणायच्या, "आमच्याकडे बाळाच्या पाळण्याला एवढं जपत नाहीत."

गाणं ऐकायच्या आधी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि फ्रिजसुद्धा बंद, कारण तो गुरगुरतो. दूध किती वेळा नासलं याची गणती नाही. ताई काही न बोलता मधेच जाऊन फ्रिज लावून यायची. तिला बसायला बैठकीत जागाच नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात, उजव्या स्पीकरच्या कुशीला एक स्टूल होतं, त्यावर ती बसायची. बसायची म्हणजे काय, भाजी निवडायची. सुटीच्या दिवशी मी गेलो की तिच्या पायाशी उंबऱ्यावर टेकायचो.

आणि भाऊजी ऐकायचे काय? गाणं म्हणाल तर अजिबात नाही. प्रत्येक गाण्याची पहिली चाळीस सेकंदं. तेवढ्यात कुठेतरी एक ग्लास वाजतो, कुठे वादकाची खुर्ची करकरते, कुठे श्रोत्यांत कोणी खोकतं. ते आलं की भाऊजी बोट वर करायचे, "ऐकलंस? तिसऱ्या रांगेत डावीकडे." मग गाणं बदल. बिचारी गाणारी बाई तोंड उघडते न उघडते तोच तिला घरी पाठवायची. एकदा ताई स्टुलावरूनच म्हणाली, "त्या खोकणाऱ्याला आमच्या विभागात पाठवा. इतकी वर्षं झाली, थांबत नाहीये." मी हसलो. भाऊजींनी ती चाळीस सेकंदं पुन्हा लावली.

पाहता पाहता भाऊजींना गल्लीत "इटली" म्हणायला लागले. "इटली घरी आहेत का?" असं पोस्टमनही विचारायचा. दर रविवारी सकाळी दहाला त्यांचं मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे दोनच माणसं, एक दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. एकाने तीस वर्षं कानाशी ड्रिल चालवलं, दुसऱ्याने तीस वर्षं घंटेखाली बसून पोरांवर ओरडण्यात काढली. दोघं डोळे मिटून खुर्चीमागे उभे राहायचे आणि आळीपाळीने खुर्चीत बसायचे. "काय हवा आहे!" डॉक्टर म्हणायचे. "आवाज कुठून येतो तेच कळत नाही!" मुख्याध्यापक म्हणायचे. भाऊजी नम्रपणे मान खाली घालायचे, जणू तो आवाज त्यांनीच घासलाय. एकदा मी ताईला हळूच विचारलं, "या डॉक्टरांना बारीक आवाज ऐकू तरी येतात का गं?" ताई म्हणाली, "पेशंटचं बाहेर सांगायचं नसतं." आणि भाजी निवडायला लागली.

मध्यंतरी मी सभागृहांची कामं घ्यायला लागलो, तेव्हा मला खरी गोष्ट कळली. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एकाची वायर उलटी लागली तर एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघे एकमेकांचं केलेलं खोडतात. जाडा आवाज मरतो, आणि मधोमध उभा वाटणारा गाणारा माणूस भिंतीभर पसरतो. हे कळलं त्या दिवशी भाऊजींचं तपकिरी कापड डोळ्यांसमोर आलं. पण ते शिवलेलं, त्यांना सांगायचं म्हणजे पुन्हा तांब्यावर व्याख्यान, आणि उलटी निघालीच तर काय तोंड दाखवायचं? मी स्वतःला सांगितलं, निम्मी शक्यता बरोबरची आहे. असं म्हणून मी चार वर्षं काढली. मीही मोठा शहाणा.

या वर्षी बैठकीला रंग द्यायचं निघालं. रंगारी म्हणाला, सामान हलवल्याशिवाय ब्रश लावणार नाही. भाऊजींना कामानिमित्त दोन दिवस बाहेरगावी जायचं होतं. त्यांनी हातमोजे माझ्या हातात दिले, लेकीची पाठवणी करावी तशा सूचना केल्या आणि गेले. रंग वाळल्यावर मी स्पीकर जागेवर आणले आणि वायर जोडायला बसलो. कापडाची शिवण एका ठिकाणी उसवली होती. आत बघतो तर जोडवायरीतल्या एका तारेच्या अंगावर बारीक उभी धार होती, तारा ओळखू याव्यात म्हणून कारखान्यातूनच दिलेली. बोटाने चाचपलं. डाव्या स्पीकरची उलटी. पहिल्या दिवसापासून उलटी.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि ती गुपचूप सरळ करून टाकली. शिवणही घातली. कोणाला काही बोललो नाही.

भाऊजी शनिवारी परतले, आंघोळ केली, पंखा बंद, फ्रिज बंद, खुर्चीत बसले आणि गाणं लावलं. चाळीस सेकंदांनी उठले, पुन्हा बसले. चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवाज गेला," भाऊजी म्हणाले. "सगळं एका जागी गोळा झालंय. हवा गेली. रंगामुळे."

रविवारी मंडळ आलं. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "अरेरे! इटालियनपणा गेला हो." मुख्याध्यापक म्हणाले, "आता कळतंय की आवाज कुठून येतो. फार वाईट झालं." तिघांनी भिंतीवर हात फिरवला, नाक लावून वास घेतला. डॉक्टरांनी नखाने थोडा रंग खरवडून पाहिला. ठरलं असं, की रंग पार खालच्या गिलाव्यापर्यंत खरवडायचा, आणि तोपर्यंत वाद्यांना हात लावायचा नाही.

गाणं बंद करायचं राहिलंच होतं. तेवढ्यात त्यात जाडा सूर लागला आणि स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं थरथरली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा थरथरली, कारण जाडा आवाज घरात पहिल्यांदाच आला होता. ताई हातात फडकं घेऊन दारात आली. चालत खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"अगंबाई," ती म्हणाली. "आज मधोमध उभी आहे."

भाऊजींनी ऐकलं. पण त्यांच्यासमोर मंडळ होतं. ते म्हणाले, "तू जरा थांब गं. इथे आधीच घोळ झालाय." ताई थांबली नाही. फडकं खांद्यावर टाकून परत गेली. मला त्या क्षणी भाऊजींचा इतका राग आला की सांगता येत नाही, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

घरी येऊन मी विचार केला. वायर पुन्हा उलटी करणं पाच मिनिटांचं काम. भाऊजी खूश, मंडळ खूश, भिंत वाचली, आणि मी तर वाचलोच. भाऊजींना लोकांनी इटली म्हणणं सोडलं तर त्या माणसाकडे काळ्या पेटीशिवाय उरतं काय? बुधवारी भाऊजी बाजारात आणि ताई हॉस्पिटलात असणार, हे बघून मी दुपारी गेलो. माझ्याकडे किल्ली होती.

दार उघडलं तर गाणं चालू होतं. ताई त्या खुर्चीत बसली होती. चपलांसकट, हॉस्पिटलचा पांढरा कोट अंगावर, डोळे मिटलेले. गाणं चाळीस सेकंदांच्या कितीतरी पुढे गेलं होतं. मला इतकं पुढचं माहीतच नव्हतं. मांडीवरच्या पातेल्यात मटार होते आणि ती सोलत होती. पंखा चालू, फ्रिजही चालू.

मला बघून ती दचकली आणि शाळेत पकडल्यासारखी उठली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीतून. मी पक्कड टेबलावर ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. लाल कड्या, बल्ब, चार वर्षं, आणि आता कशासाठी आलो होतो तेसुद्धा.

ताईने मटारचं पातेलं नेऊन दारातल्या स्टुलाजवळ ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मला बरोबर ऐकू येत होतं."

"हो."

"मला वाटायला लागलं होतं रे, की माझेच कान गेले. गेल्या वर्षी मी आमच्या मशीनवर स्वतःला तपासून घेतलं. दोनदा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी त्यांना सांगतो," मी म्हटलं. "आजच."

"तू सांगितलंस तर ते तांब्यावर बोलतील. आणि मी सांगितलं तर माझे कान तयार नाहीत," ताई म्हणाली. "थांब. त्यांच्याच रीतीने करू."

संध्याकाळी पाचला भाऊजी पेटी घेऊन घरी आले. खरवडायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. ताईने चहा दिला आणि म्हणाली, "अहो, भिंत खरवडायच्या आधी एकदा मोजून तरी बघा."

मोजून म्हटल्यावर भाऊजींची मान वर झाली. "कसं मोजणार?"

"आमच्याकडे मोजतात तसं. तुम्ही खुर्चीत बसा. डोळ्यांवर पट्टी. हा मागे काहीतरी बदलेल किंवा नाही बदलणार, मी पाठ करून बसते, म्हणजे मलाही कळणार नाही. दर वेळी गाणं लावायचं आणि बाई कुठे उभी आहे तिकडे तुम्ही बोट दाखवायचं. दहा वेळा."

भाऊजींना पद्धत पसंत पडली. एक सूचना केली, की माझी नोंद आणि ताईची नोंद वेगवेगळ्या कागदावर हवी. मग बसले. ताईने तिचा धुतलेला रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. मी अॅम्प्लिफायरमागे बसलो. कधी वायर उलटी केली, कधी नुसता खडखडाट करून तशीच ठेवली, आणि माझ्या कागदावर अ किंवा ब लिहीत गेलो. गाणं लागलं की भाऊजींचा हात वर यायचा. ताई तेवढ्यापुरती वळून बोट कुठे आहे ते टिपायची. काही वेळा बोट चटकन समोर, अगदी मधोमध. काही वेळा नुसतं हवेत हिंडायचं. एकदा खिडकीकडे गेलं, एकदा कपाटाकडे, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. एकदा भाऊजी वैतागून म्हणाले, "अरे, ही बाई आहे कुठे?"

ताईने बोट कुठे आहे तेवढं टिपलं. मी पुढच्या खेपेला लागलो.

दहा झाल्यावर भाऊजींनी पट्टी सोडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. सहा वेळा अ, सहाही वेळा मधोमध. चार वेळा ब, चार दिशा. त्यांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अ म्हणजे काय?"

"आत्ता आहे ती जोडणी," मी म्हटलं. "रंगानंतरची. सरळ."

"आणि ब?"

"अकरा वर्षं होती ती."

खोलीत फ्रिजची गुरगुर तेवढी ऐकू येत होती. काटा बोलतोय, हे वाक्य ताईच्या तोंडाशी आलं असणार. ती बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

भाऊजी उठून आत गेले. मला वाटलं, आता दार लावून घेतात. पण ते मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन आले. सरकारी फॉर्म घरच्या कामाला वापरायचा नाही, म्हणून कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतः रकाने आखले आणि बाजारात लिहितात त्याच अक्षरात लिहायला लागले. मी खांद्यावरून वाचलं.

उपकरण: स्पीकर, नग दोन. (वाद्य लिहिलं नव्हतं.)
दोष: डावीकडील जोडणी उलटी.
कालावधी: अकरा वर्षे.
दोषाचे कारण: ओळखण्यासाठीच्या कड्या मालकाने कापल्या.
तक्रारदार: पत्नी.
तक्रार प्रथम केव्हा: पहिल्याच दिवशी.
कार्यवाही: तक्रारदाराचे कान तयार नसल्याचे सांगून परत पाठवले.

"भाऊजी, जोडली मी होती," मी म्हटलं. "माझं नाव घाला."

"तू विचारलं होतंस लाल कुठली," ते मान वर न करता म्हणाले. "मला आठवतंय."

त्यांनी खाली सही केली आणि कागद ताईपुढे सरकवला. "तक्रारदाराची सही लागते." ताईने कोटाच्या खिशातलं पेन काढून सही केली.

"रविवारी मंडळाला सांगावं लागेल," भाऊजी म्हणाले.

"सांगा की. त्यांना उलटीच आवडली तर हा जाऊन त्यांच्या घरच्या उलट्या करून देईल."

भाऊजी हसले नाहीत. खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बस."

ताई बसली. त्यांनी गाणं पहिल्यापासून लावलं आणि बाजूला झाले. आता बसायचं कुठे, हे त्यांना कळेना. बैठकीत दुसरी खुर्चीच नव्हती, ती त्यांनीच ठेवली नव्हती. थोडं इकडे तिकडे बघून ते स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर जाऊन टेकले. मटारचं पातेलं तिथेच होतं. ते मांडीवर घेतलं. ग्लास वाजला, खुर्ची करकरली, तिसऱ्या रांगेतला तो खोकला. भाऊजींचं बोट सवयीने वर आलं आणि तसंच खाली गेलं. चाळीस सेकंदं झाली, गाणं पुढे चालू राहिलं. ताईने डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने भाऊजी स्टुलावरून म्हणाले, "अगं, इथून नुसता एकच स्पीकर ऐकू येतोय. बाई कुठे उभी आहे, काही कळत नाही."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.